पावती फाडण्याआधी

रविवारची सकाळ. सहा वाजून गेले होते आणि मी एका गोल्फ कोर्सच्या काउंटरवर उभा होतो. सोबत माझा आतेभाऊ, बेल्लमपल्लीहून आदल्या रात्रीच्या गाडीने आलेला. सिंगरेणी कंपनीच्या भूमिगत कोळसा खाणीत वर्षानुवर्षं मायनिंग सरदार म्हणून काम करून तो निवृत्त झाला. मी खेळतो तो खेळ एकदा जवळून बघायचा आणि जमले तर दोन फटके मारायचे, एवढीच त्याची हौस. पाहुण्याची फी सभासदापेक्षा बरीच जास्त, त्यात रविवारचा चढा दर, कॅडीचे पैसे वेगळे. काउंटरवरच्या मुलाने हसून पैसे घेतले, पावती फाडली आणि हात दाखवत म्हणाला, "पहिली टी तिकडे, सर."

पहिलं ग्रीन, म्हणजे चेंडू पाडायच्या खळीभोवतीची गुळगुळीत हिरवळ, लांबून दिसलं तेव्हा वाटलं, हिरव्या चादरीवर कुणीतरी रवा सांडलाय. जवळ गेलो तर सगळं ग्रीन टोचलेलं. करंगळीएवढी भोकं, दोन-दोन इंचांवर, ओळीने, हजारो, आणि त्यांत भरलेली वाळू. मी चेंडू पटरने हलकेच ढकलला. तो दोन-तीनदा उडाला, डावीकडे वळला आणि वाळूत अडकून थांबला. दुसरं ग्रीन तसंच होतं. तिसरंही तसंच.

चौथ्या ग्रीनवर एक वयस्कर माळी लांब दांड्याच्या झाडूने वाळू भोकांत लोटत होता. आमचे चेहरे बघून तोच बोलला, "शुक्रवारी टोचलंय साहेब, सगळी अठरा. पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, मग बघा कसं गालिच्यासारखं होतंय ते." त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो रास्त होता. भावाने त्याला विचारलं, "मग वर खिडकीत हे सांगत का नाहीत?" माळी झाडू थांबवून म्हणाला, "ते आमच्या हातात नाही, मालक."

परत येताना भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याकडं माणूस आत जायच्या आधी सांगतात. इथं आत गेल्यावर दिसतं."

त्याच्या या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी दिवस विचार करत राहिलो. तशीच ग्रीन्स आणि तशीच गप्प काउंटरं मी पुढे दुसऱ्या शहरांतही पाहिली. म्हणून हा लेख कोणा एका कोर्सविरुद्धची तक्रार नाही. माझं म्हणणं साधं आहे. पैसे घेण्याआधी सांगितलेली गोष्ट ही माहिती असते. तीच गोष्ट पैसे घेतल्यावर सांगितली की ती सबब होते. शब्द तेच असतात, बदलते ती फक्त वेळ. पण त्या वेळेतच व्यवहाराची सगळी सचोटी सामावलेली आहे.

कोणी म्हणेल, मूठभर सुखवस्तू लोकांच्या खेळावर एवढी शाई कशाला? औषधात भेसळ होते, घरं अर्धवट राहतात, बियाणं उगवत नाही, आणि तुम्ही हिरवळीवरच्या भोकांबद्दल बोलताय. हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. पण गोल्फचं उदाहरण मला मोलाचं वाटतं ते त्याच्या निर्मळपणामुळे. इथे कोणी भेसळ केलेली नाही. कोणी खोटं बोललेलं नाही. जे काम झालं ते आवश्यक होतं, उत्तम झालं होतं आणि खेळणाऱ्यांच्याच भल्याचं होतं. कोणाच्या जिवाला धोका नाही की कोणाचं दिवाळं वाजलेलं नाही. तरीही काहीतरी चुकलं, हे माझ्या भावाला एका क्षणात कळलं. बाकी सगळे दोष बाजूला केल्यावरही जी चूक शिल्लक राहते, ती फक्त न सांगण्याची आहे. ती चूक नीट ओळखायची तर तिला असं एकटं समोर ठेवून बघायला हवं.

आधी माळ्याची बाजू. आपल्याकडच्या कित्येक कोर्सवर जे बर्म्युडा गवत लावलेलं असतं ते आपल्या ओळखीचंच, शेतकरी ज्या हरळीच्या नावाने बोटं मोडतो आणि गणपतीला जिच्या दूर्वा वाहतो तीच ती. तिचा आफ्रिकेतल्या भावंडाशी संकर करून ग्रीनसाठी बारीक पात्याच्या जाती तयार झाल्या. हे गवत ग्रीनवर तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेलं ठेवतात. त्यावरून रोज शेकडो पावलं जातात आणि कापणी यंत्राचं वजन फिरतं. हळूहळू माती दबते, मुळांपाशी हवा पोचत नाही, पाणी झिरपत नाही. वर जुन्या मुळ्या आणि देठांचा थर साचून स्पंजासारखा होतो. मग पोकळ नळ्यांच्या यंत्राने मातीचे बारीक दंडगोल उपसून काढायचे, भोकांत वाळू भरायची आणि गवत पुन्हा जुळून यायची वाट बघायची. विदर्भात शेतकरी उभ्या पिकात डवरणी करून जमीन मोकळी करतो, त्यातलाच हा प्रकार. गवत जोमाने वाढतं त्याच हंगामात हे करावं लागतं, कारण तेव्हाच जखम लवकर भरते. न करणाऱ्या कोर्सची ग्रीन्स हळूहळू खराब होत जातात. तेव्हा टोचणं हा गुन्हा नाही. न टोचणं हाच गुन्हा ठरेल.

आता खेळणाऱ्याची बाजू. अठरा होलच्या कोर्सचं पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांचा आकडा, बहुतेक ठिकाणी बहात्तर असतं. प्रत्येक होलच्या पारमध्ये ग्रीनवरचे, पटरचे दोन फटके धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस. म्हणजे हिशेबाने बरोबर अर्धा खेळ ग्रीनवर घडतो. ग्रीन्स टोचलेली असताना पूर्ण फी घेणं म्हणजे अर्धं नाटक पडद्याआड ठेवून पूर्ण तिकीट घेणं. आणि खेळाडू त्यावर काहीच करू शकत नाही. ग्रीनवर चेंडूने पडलेले खड्डे दुरुस्त करायची मुभा होतीच, २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी बुटांच्या खुणाही दुरुस्त करायची मुभा दिली. पण टोचण्याची, म्हणजे एरेशनची, भोकं त्या मुभेतून स्पष्टपणे वगळली, कारण ती नुकसानीत नव्हे तर देखभालीत मोडतात. खेळाडूने ती जशी आहेत तशी सोसायची.

याच नियमपुस्तकात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. कोर्सवर जिथे दुरुस्ती चालू असते तो भाग पांढऱ्या रेषेने किंवा खुंट्या ठोकून दाखवण्याची पद्धत आहे. त्याला 'ग्राउंड अंडर रिपेअर' म्हणतात. चेंडू तिथे गेला तर दंडाचा फटका न घेता बाहेर काढता येतो. म्हणजे खेळाच्या आत एक साधं तत्त्व मान्य आहे की जमीन नादुरुस्त असेल तर ते आधी दाखवा आणि त्याचा भुर्दंड खेळणाऱ्यावर टाकू नका. मैदानावर वीस फुटांच्या तुकड्याभोवती रेषा आखणारी संस्था काउंटरवर अठरा ग्रीन्सबद्दल गप्प बसते, हे त्या खेळाच्या धर्मात बसत नाही. गोल्फमध्ये सहसा सोबत पंच नसतो, खेळाडूच स्वतःवर दंड लावतो. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने चेंडू किंचित हलल्याचं स्वतःहून सांगितलं आणि स्वतःवर एका फटक्याचा दंड घेतला. दुसऱ्या कोणीही ते पाहिलेलं नव्हतं. पुढे प्लेऑफमध्ये गेलेली ती स्पर्धा तो हरला. जो खेळ खेळाडूकडून एवढी सचोटी मागतो, त्याच्या खिडकीकडून मी फक्त एका वाक्याची अपेक्षा करतो.

ते वाक्य न बोलल्याने तिघांचं नुकसान होतं. पहिला अर्थातच पैसे देणारा. दुसरा तो माळी. त्याने उन्हात दोन दिवस राबून उत्तम काम केलं, पण खेळणाऱ्याला ते फसवणूक म्हणून दिसलं. काउंटर न बोलल्याचे चार शब्द त्याने ऐकले. मी स्वतः पाहिलं, आमच्या मागून आलेला एकजण त्याच्यावर खेकसून गेला. तिसरं नुकसान खुद्द कोर्सचं, आणि ते दूरचं असलं तरी सर्वांत मोठं आहे. देखभाल लपवायची सवय लागली की देखभाल ही लाजेची गोष्ट होते. मग शनिवार-रविवारची गर्दी बुडू नये म्हणून ती पुढे ढकलली जाते, महत्त्वाचे पाहुणे यायचे आहेत म्हणून अर्धवट उरकली जाते. जे उघडपणे सांगता येतं तेच वेळेवर आणि नीट करता येतं. आपल्याकडच्या पुलांची, नाट्यगृहांची, शाळांच्या छपरांची गत पाहिली की हे पटतं. उद्घाटनाचं निमंत्रण गावभर जातं. डागडुजीची वार्ता मात्र भिंत पडल्यावर कळते.

कायद्याने या प्रश्नावर केलेला प्रवास समजून घेण्यासारखा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं सतरावं कलम फसवणुकीची व्याख्या करतं. त्यात घोड्याचं उदाहरण दिलं आहे. लिलावात कोणी आपला अधू घोडा विकला आणि त्याच्या व्यंगाबद्दल काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट आहे असं धरून चालतो, तर त्यानंतरचं मौन हे बोलण्याइतकंच.

हा कायदा ज्या जगासाठी लिहिला गेला ते जग मला परकं नाही. आपल्याकडे सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा. तिथे घेणारा जनावराचा जबडा उघडून दात मोजतो, पाय उचलून खूर बघतो, चार पावलं पळवून चाल पारखतो. सोबत जाणता माणूस आणतो. तिथे विकणारा गप्प राहिला तरी घोडा स्वतःच बोलत असतो. तरीसुद्धा बाजारात ज्याच्या शब्दाला किंमत असते तो व्यापारी 'बैल गुणाचा आहे, पण पाण्याला बुजतो' हे सौदा ठरण्याआधी सांगतो. जनावराची खोड आधी सांगणारा पुढच्या वर्षी त्याच जागी उभा राहू शकतो.

गोल्फच्या काउंटरवर मात्र दात मोजायची सोय नाही. कोर्स शंभर-दीडशे एकरांवर पसरलेला. खिडकीतून दिसतं ते क्लबहाउसचं अंगण आणि फुलझाडं. आजकाल तर टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, फोनवरच घेतात आणि पैसेही तिथेच भरतात, कोर्स असतो पन्नास किलोमीटरवर. घेणाऱ्याने पारखून घ्यावं हा नियम तिथेच न्याय्य असतो जिथे पारखणं शक्य असतं. जिथे एकाला सगळं माहीत आहे आणि दुसऱ्याला कळायचा मार्गच नाही, तिथे मौन हा तटस्थपणा राहत नाही. त्या मौनाने एक बाजू घेतलेली असते.

कायद्यालाही हे हळूहळू उमगत गेलं. अवघ्या दहा वर्षांनी आलेल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने घर-जमीन विकणाऱ्यावर बंधन घातलं. जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. पुढे ग्राहक चळवळ उभी राहिली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली ती १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या बारा वर्षं आधी. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला बजावलं की प्रकल्पाची नोंदणी आणि माहिती आधी, जाहिरात आणि विक्री नंतर. आणि २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतल्या 'त्रुटी'च्या व्याख्येतच एक गोष्ट लिहून टाकली. ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटी आहे. दीडशे वर्षांत आपण 'गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे' इथून 'माहिती दडवणं म्हणजे सेवेतली खोट' इथवर आलो. काउंटरं मात्र अजून १८७२ मध्येच उभी आहेत.

आता आक्षेप. मी हा विषय कोर्सच्या व्यवस्थापनातल्या मित्रांशी बोललो आहे, त्यांच्या अडचणी मला खोट्या वाटत नाहीत.

ते म्हणतात, सांगितलं तर दोन आठवडे कोणी फिरकणार नाही आणि माळ्यांचे पगार तर द्यायचेच आहेत. पण या वाक्यानेच माझी बाजू सिद्ध होते. जी गोष्ट कळल्यावर माणूस पैसे देणार नाही, तीच गोष्ट त्याला कळली पाहिजे. ती गौण असती तर सांगायची भीती वाटली नसती. शिवाय सगळेच पाठ फिरवतात हे खरं नाही. मोकळ्या कोर्सवर सराव करायला, नवशिक्या मुलाला चालवून आणायला, फक्त लांब फटके मारायला येणारे असतातच. त्यांच्यासाठी दर कमी ठेवा. कमी दर आणि खरी माहिती मिळाली तर माणूस हसत येतो. पूर्ण दर देऊन धक्का खाल्लेला माणूस मात्र पुन्हा येत नाही.

दुसरा आक्षेप असा की ज्याला हवं त्याने विचारावं, आम्ही खोटं सांगणार नाही. पण विचारायला आधी माहीत असावं लागतं. माझ्या भावाला एरेशन हा शब्दही ठाऊक नव्हता, मग त्याने काय विचारायचं होतं? विचारण्याचं ओझं ग्राहकावर टाकलं की जाणता सुटतो आणि नवखा, परगावचा, पहिल्यांदा आलेला तेवढा अडकतो. ज्याला माहितीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती सर्वांत कमी मिळते.

तिसरं म्हणणं, आम्ही सूचना लावली होती. कुठे? लॉकर रूमच्या फळ्यावर, सभासदांच्या ग्रुपवर, पहिल्या टीजवळच्या खांबावर. या सगळ्या जागा पावतीनंतर लागतात किंवा पाहुण्याला लागतच नाहीत. निर्णय जिथे होतो आणि ज्या क्षणी होतो, तिथे पोचली तरच ती सूचना. एरवी तो नुसता कागद.

चौथं म्हणणं सर्वांत भावपूर्ण असतं. अहो, हे तुमच्याच भल्यासाठी चाललंय ना! भल्यासाठी आहे, मान्य. पण ते काम करण्याचं समर्थन झालं, न सांगण्याचं नव्हे. यापेक्षा कितीतरी गंभीर प्रसंगात, २००८ साली, सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेच्या एका खटल्यात हे स्पष्ट केलं. तपासणीसाठी दिलेल्या संमतीच्या आधारावर डॉक्टरांनी मोठी शस्त्रक्रिया करून टाकली होती. रुग्णाचं हित बघून केली, हा बचाव न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. हित कशात आहे हे सांगा, ठरवू दे ज्याचं त्याला. देहाच्या बाबतीत जे खरं ते, लहान प्रमाणात, खिशाच्या आणि सुट्टीच्या बाबतीतही खरं.

शेवटचा आक्षेप मला विचारात पाडणारा वाटला. सांगायचं तर कुठवर? रोज कुठे ना कुठे पाणी मारतात, गवत कापतात, एखादा बंकर उकरतात. सगळंच सांगत बसलो तर त्या ढिगात महत्त्वाचं हरवेल. हे अगदी बरोबर आहे, म्हणून कसोटी हवी. मी तीन प्रश्नांची सुचवतो. ही गोष्ट कळली तर येणाऱ्याचा निर्णय बदलेल का? ती आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला खिडकीतून दिसणार नाही, असं आहे का? ती ठरावीक तारखांपुरती आहे का, म्हणजे तो दुसरा दिवस निवडू शकेल? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर पैसे घेण्याआधी सांगणं बंधनकारक माना. रोजची कापणी या कसोटीला उतरत नाही. टोचलेली ग्रीन्स, बंद ठेवलेले होल, वाळू टाकलेले फेअरवे उतरतात.

असं आधी सांगणं अवघड नाही, हे आपल्याच भागातल्या उदाहरणांवरून दिसतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे दूरवरचा प्रवासीही घरून निघण्याआधी जाणून असतो. ताडोबाच्या गाभा क्षेत्राचे दरवाजे मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद, हे बुकिंग करतानाच कळतं. वाघ दिसेल याची हमी कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. पण दरवाजा बंद असताना सफारीचे पैसे कोणी घेत नाही. बेल्लमपल्ली ज्या काझीपेठ–बल्लारशा मार्गावर आहे तिथे तिसऱ्या लाइनचं काम सुरू झाल्यापासून 'ब्लॉक' आणि 'नॉन-इंटरलॉकिंग' हे शब्द घराघरांत रुळले. गाड्या रद्द होतात, वळवल्या जातात. लोक कुरकुरतात, पण काम कशासाठी हे त्यांना ठाऊक असतं. गाडी रेल्वेनेच रद्द केली तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, हा नियमही ठाऊक असतो. एवढा प्रचंड पसारा जर दुरुस्तीच्या तारखा छापू शकतो आणि पैसे परत करू शकतो, तर अठरा ग्रीन्सच्या तारखा सांगणं कोणालाच जड जाऊ नये.

पण मला खरा धडा मिळाला तो रेल्वेच्याही खाली, जमिनीच्या पोटात. बेल्लमपल्ली हे कोळशावर वसलेलं गाव. आधी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून मंचिर्याल जिल्ह्यात. किनवट आणि राजुरा हे आजचे महाराष्ट्रातले तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे तिकडच्या घरांत तेलुगू आणि मराठी एकाच चुलीपाशी बोलल्या जातात. १८८९ साली येल्लंदूला कोळसा निघायला लागला. १९२० मध्ये कंपनीला सिंगरेणी हे नाव मिळालं, आणि पुढे बेल्लमपल्लीची पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिच्या पाळ्यांवर वाढली. खाणीला तिथले कामगार 'बायी' म्हणतात. तेलुगूत बायी म्हणजे विहीर.

मायनिंग सरदाराचं काम काय, असं मी भावाला लहानपणी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "आधी जायचं आणि सांगायचं." पाळीची माणसं कामाच्या जागी पोचण्याआधी सरदार आत जातो. हातातल्या काठीने छत ठोकून बघतो. टणक छत खणखणीत वाजतं, सुटलेलं छत पोकळ, ढोलासारखं वाजतं. वायू आहे का बघतो, हवा खेळते का बघतो, टेकू तपासतो. जागा धोक्याची असेल तर ती अडवून टाकतो. ठीक असेल तर खडूने तारीख घालून सही करतो आणि वर येऊन वहीत लिहितो. ती खूण दिसेपर्यंत कोणी फावडं उचलत नाही. ही कोणाच्या चांगुलपणाची गोष्ट नाही. कोळसा खाणींच्या नियमांतच कामाआधीची तपासणी आणि तिची नोंद सक्तीची आहे.

खाण आणि गोल्फ कोर्स यांची तुलना मी करत नाही. एकीकडे जीव पणाला, दुसरीकडे रविवारची सकाळ. पण माहितीचा क्रम दोन्हीकडे एकच आहे. ज्याला आतलं ठाऊक आहे त्याने, ज्याला ठाऊक नाही त्याला, पाऊल टाकण्याआधी सांगायचं. छत पोकळ वाजतंय हे आत गेल्यावर सांगणारा सरदार नोकरीला लायक नाही, याबद्दल बेल्लमपल्लीत दुमत होणार नाही. आणि सरदार छत कच्चं असल्याचं सांगतो म्हणून खाणीची बदनामी झाली असंही तिथे कोणी मानत नाही. उलट, सांगितलं जातं म्हणूनच माणूस उद्या पुन्हा पाळीवर येतो. विश्वास बसण्यासाठी सगळं उत्तम असावं लागत नाही. काय उत्तम नाही ते वेळेवर कळावं लागतं.

म्हणून माझी मागणी मोघम ठेवत नाही. प्रत्येक कोर्सने वर्षाच्या सुरुवातीला देखभालीच्या तारखा जाहीर कराव्यात. पावसाने दोन दिवस मागेपुढे झालं तर तसं कळवावं. फोनवर किंवा मोबाइलवर टी टाइम देताना, पैशाचं बटण दाबण्याआधी, त्या तारखांची ओळ दिसावी. त्या काळात दर कमी असावा, आणि आधी भरलेले पैसे विनातक्रार परत मिळावेत किंवा दुसरा दिवस मिळावा. काउंटरवर एक पाटी असावी. लोकांच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत. काय लिहायचं हा प्रश्न पडत असेल तर मी लिहून देतो:

'शुक्रवारी सर्व १८ ग्रीन्स टोचून वाळू भरली आहे. मुळांना हवा मिळावी म्हणून हे दरवर्षी करावं लागतं. साधारण तीन आठवडे चेंडू सरळ धावणार नाही. तोवर फी निम्मी. आज खेळायचं नसेल तर पैसे परत. काम आमच्या माळ्यांनी केलं आहे.'

सहा छोटी वाक्यं आहेत. वाचायला अर्धं मिनिट लागत नाही. यातलं शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. ही पाटी वाचून जो पुढे जाईल तो चौथ्या ग्रीनवर पोचेल तेव्हा झाडू घेऊन उभ्या असलेल्या माणसावर खेकसणार नाही. कदाचित थांबून विचारेल, कधी भरून येईल हो हे? आणि तो माळी त्याला अभिमानाने सांगेल, जसं त्याने आम्हाला सांगितलं. त्या दिवशी ते ऐकताना आमच्या खिशात फाडलेली पावती होती, म्हणून त्याचा अभिमान आमच्यापर्यंत पोचला नाही.